चाके मिटावीत की नाहीत?

वसंतातल्या व्याख्यानांना येणाऱ्या श्रोतृवर्गाला ज्ञानेश्वरीपासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व काही ऐकण्याची सवय असते. तरीही आम्ही बगलेत हात-दीड हात लांबीचे खेळण्यातले विमान घेऊन व्यासपीठावर चढलो तेव्हा पहिल्या रांगेतल्या काही वृद्ध गृहस्थांच्या कपाळाला आठ्या पडल्या, यात नवल नाही. विमानाच्या प्रतिकृती उडवणे हा पोरखेळ, आणि त्या प्रतिकृतीची चाके उड्डाणानंतर पोटात मिटावीत की तशीच लोंबकळत राहू द्यावीत हा तर पोरखेळातलाही पोरखेळ! परंतु या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकदा अविचाराने दिले आणि त्याचे मोल दुसऱ्याला भरावे लागले. तेव्हापासून आम्ही हा प्रश्न पोरखेळ समजत नाही.

प्रथम विमानाविषयी दोन शब्द. बिनतारी यंत्राने जमिनीवरून चालवायचे हे विमान बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाचे किंवा फोमचे बनवतात. चालकाच्या हातातल्या ट्रान्समीटरमधून संदेश जातो, विमानातला रिसीव्हर तो घेतो, आणि सर्व्हो नावाच्या छोट्या मोटरी त्याप्रमाणे शेपटीचे व पंखांचे पडदे हलवतात. पुढे पंखा फिरवायला विजेची मोटर किंवा लहानसे इंजिन असते. बिनतारी संदेशाने दूरची वस्तू चालवता येते हे निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये एक छोटी होडी चालवून दाखवले होते. तीच युक्ती पुढे आकाशात गेली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत मुलांना अशा प्रतिकृती बांधायला शिकवतात, आणि अनेकांना हा नाद तिथेच लागतो.

आता ती गोष्ट. नारायणगडाच्या परिसरातल्या एका गावचा एक मुलगा बीडच्या कॉलेजात शिकत होता. आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जात. हा आजीजवळ राही आणि संध्याकाळी एका दुकानात मोबाइल दुरुस्तीचे काम करी. त्या कमाईतून त्याने दीड वर्षात एक विमान बांधले. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.६ मीटर, रुंदी २५ सेंटिमीटर, वजन अडीच किलो. काम इतके स्वच्छ होते की पाहणाऱ्याने जोडाच्या जागी बोट फिरवून पाहावे. एक दिवस तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, चाकं मिटणारी बसवू का? पैसे साठलेत.” त्याचे वडील त्या वेळी गावी आले होते आणि सोबत आले होते. ते म्हणाले, “मास्तर, उतरायचंय ते चाकावरच ना? मग मिटायची कशाला?” आम्ही हसलो आणि मुलाला म्हणालो, “बसव, बसव. खऱ्या विमानासारखं दिसेल.” वडिलांचा प्रश्न हाच खरा शास्त्रीय प्रश्न होता हे आमच्या ध्यानात आले नाही.

खऱ्या विमानांना तरी ही चाके मिटवण्याची गरज का पडली? घार झाडावर उतरताना पाय पुढे काढते आणि उडताना पोटाशी घेते. बगळा ते मागे लांब करतो. उडताना पाय लोंबकळत ठेवणे कोणत्याच पाखराला परवडत नाही, कारण हवा त्यांना मागे ढकलते. हवेचा हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर रोध चौपट होतो, आणि तो रोध तोडायला लागणारी शक्ती आठपट. १९२० साली फ्रान्समधल्या गॉर्डन बेनेट शर्यतीसाठी अमेरिकेतून डेटन-राइट कंपनीचे एक विमान आले होते. त्याची चाके चालक आतून दांडा फिरवून धडात ओढून घेत असे. त्या विमानाला शर्यत पुरी करता आली नाही, पण कल्पना टिकली. पुढे रशियाच्या आय-१६ या लढाऊ विमानात चालकाला चाके वर घेण्यासाठी हाताने चव्वेचाळीस फेरे फिरवावे लागत. उड्डाण होताच रहाट ओढत बसणाऱ्या त्या चालकाची आम्हांस दया येते.

याच्या उलट, जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले ते पुस मॉथ विमान स्थिर चाकांचेच होते. त्याला कोणी मागासलेले म्हटले नाही. परंतु सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच एका मराठी अभियंत्याचे आहे. डॉ. विष्णु माधव घाटगे हे गटिंगेन येथे प्रांटल या थोर वायुगतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये विमानांचे आराखडे करू लागले. त्यांच्या देखरेखीखाली तयार झालेले एचटी-२ हे शिकाऊ विमान १९५१ साली प्रथम उडाले. त्याची चाके स्थिर होती. तेरा वर्षांनी, १९६४ साली, त्यांच्याच देखरेखीखालचे किरण हे जेट उडाले आणि त्याची चाके मिटती होती. माणूस तोच, विद्या तीच. फरक एवढाच की पहिल्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास आणि दुसऱ्याचा सातशेच्या घरात. शिवाय पहिल्यावर नवशिके दिवसातून कितीतरी वेळा आदळत उतरणार! घाटग्यांनी ‘खऱ्या विमानासारखे दिसावे’ असा विचार केला नाही. वेग आणि धावपट्टी पाहिली.

तोच हिशेब आता आपल्या अडीच किलोच्या विमानाला लावून पाहू. आकडे थोडे ढोबळ आहेत, पण दिशा दाखवायला पुरेसे आहेत. चार मिलिमीटर जाड पियानो वायरचे दोन पाय आणि सात सेंटिमीटर व्यासाची दोन चाके. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने उडताना यांच्यावर हवेचा दाब सुमारे ४० ग्रॅम पडतो. तो तोडायला सहा वॅटही लागत नाहीत. एवढ्यावर घरातला रात्रीचा दिवा लागतो. पण तेच विमान सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरने पळवले की दाब २७० ग्रॅमवर जातो आणि शक्ती शंभर वॅटच्या वर लागते. तेव्हा शर्यतीच्या विमानाला आणि वेगवान जेटच्या प्रतिकृतीला मिटती चाके हा विलास नव्हे, गरज आहे. माळावर सावकाश घिरट्या घालणाऱ्या विमानाला ती सहा वॅटची काटकसर आहे.

या काटकसरीची किंमत काय? आमच्या त्या मुलाच्या विमानात मिटण्याची यंत्रणा, तिला धरून ठेवणारी प्लायवूडची जाड बैठक, वेगळी बॅटरी आणि झाकणे मिळून वजन पाव किलोने, म्हणजे दहा टक्क्यांनी वाढले. विमान ज्या किमान वेगाला हवेत तरते तो वेग वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो; म्हणजे येथे पाच टक्के. एवढ्याने काय होते, असे वाटेल. पण उतरताना जमिनीत जिरवायची जी ऊर्जा, तीत वजन एकदा येते आणि वेग दोनदा. म्हणून दहा टक्के वजनाने ती एकवीस टक्क्यांनी वाढते.

यात आपल्या बीड भागाची एक भर आहे, ती पुस्तकांतल्या कोष्टकांत नसते. ही कोष्टके समुद्रसपाटीच्या थंड हवेसाठी केलेली असतात. तिथे एक घनमीटर हवेचे वजन १.२२५ किलो भरते. आपण पाचशे मीटर उंचीच्या पठारावर राहतो, आणि वैशाखातल्या दुपारी पारा चाळीसला टेकतो. त्या वेळी तीच हवा १.०६ किलो भरते. हवा पातळ, म्हणून पंखाला आधार कमी, म्हणून वेग अधिक. थंड प्रदेशातल्या समुद्रकाठी जे हलके विमान ताशी ३३ किलोमीटरला तरले असते, ते पाव किलोचा भार घेऊन आमच्या माळावर ३७ च्या खाली तरत नाही. जिरवायची ऊर्जा जवळजवळ चाळीस टक्क्यांनी वाढली! दोन्ही ठिकाणी चाके तीच, स्क्रू तेच आणि लाकूडही तेच. म्हणून आम्ही आता उन्हाळ्यात दुपारी उडवतच नाही. सकाळी नऊच्या आत आटोपतो. शिवाय वाराही तेव्हा शांत असतो.

आता माळाकडे वळू, कारण खरा निकाल तिथे लागतो. परदेशातले छंदिष्ट डांबरी पट्टीवर किंवा कातरलेल्या हिरवळीवर उतरतात. आमच्याकडे मुरमाड माळ, नाहीतर उन्हाने भेगाळलेली काळी जमीन. वर कुसळे, गोखरू आणि बाभळीचे काटे. चाकापुढे एक सेंटिमीटर उंचीचा खडा आला तर तो ओलांडायला किती जोर लागतो? चाकाचा व्यास पाच सेंटिमीटर असेल तर चाकावरच्या भाराच्या सव्वापटीहून अधिक. सात असेल तर जवळजवळ भाराइतका. दहा असेल तर पाऊणपट. बैलगाडीचे चाक मोठे का असते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण विमानाच्या पंखाला मोठे चाक परवडत नाही. आपल्या विमानाचा पंख २५ सेंटिमीटर रुंद आणि, बहुधा असतो तसा, रुंदीच्या बारा टक्के जाड; म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. त्यात वरखालचे आवरण वजा जाता अडीच सेंटिमीटर जाडीचे चाक कसेबसे आडवे झोपते. व्यास वाढवला की खाच मोठी होते, फासळ्या कापाव्या लागतात, आणि पंखाचा कणा म्हणजे मुख्य तुळई आड येते. ती कापली तर विमान आकाशातच घडी घालील.

ही अडचण खऱ्या विमानांनाही चुकलेली नाही. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात जी मिग-२१ विमाने बांधली गेली आणि जी आपल्या हवाई दलातून २०२५ साली निवृत्त झाली, त्यांचा पंख इतका पातळ होता की चाक त्यात मावणे शक्य नव्हते. म्हणून पाय पंखात झोपे आणि चाक वळून धडात उभे राही. डाकोटा विमानात तर चाके मिटल्यावरही निम्मी बाहेर दिसत, आणि पोटावर उतरण्याची वेळ आलीच तर ती अर्धी चाके उपयोगी पडत. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन मेसरश्मिट १०९ चे पाय धडाजवळ जोडलेले असल्यामुळे दोन चाकांतले अंतर फार कमी होते, आणि ते विमान जमिनीवर कलंडण्याबद्दल कुप्रसिद्ध झाले. ब्रिटिशांच्या हरिकेनचे पाय दूर जोडलेले आणि आत मिटणारे. ते ओबडधोबड मैदानावरही ठामपणे उतरे. प्रतिकृती निवडताना हौशी माणूस रूप पाहून स्पिटफायर निवडतो, कारण ते देखणे आहे. त्याचेही पाय अरुंद! ज्याचा माळ खडबडीत आहे त्याने हरिकेनकडे पाहावे असे आमचे मत आहे.

मिटण्याची यंत्रणा तीन जातींची मिळते. जुनी जात साध्या यांत्रिक तऱ्हेची. एक खास सर्व्हो अर्धा फेरा फिरतो, सळई ढकलतो, आणि शेवटी सळई अशा रेषेत येते की पायावरचा धक्का सर्व्होवर न येता बिजागरीतच अडतो. ही स्वस्त आणि दणकट. पण सळईची लांबी अर्धा मिलिमीटर चुकली तर सर्व्हो शेवटपर्यंत पोचत नाही, तिथेच कण्हत राहतो आणि बॅटरी पिऊन टाकतो. ती बॅटरी रिसीव्हरचीही असेल तर चाकांबरोबर सगळे विमानच हातातून जाते. दुसरी जात हवेच्या दाबाची. विमानात छोटी टाकी असते, ती पंपाने चौरस इंचाला शंभर पौंडांच्या आसपास भरतात, आणि झडप उघडली की हवा पाय ढकलते. चाल मऊ, दिसायला सुरेख. पण जिथे नळी तिथे गळती. आणि गळती शोधायची रीत सायकलच्या पंक्चरचीच, साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहायचे. ही घ्यायचीच असेल तर हवा संपली असता स्प्रिंगने चाके खाली येणारी घ्यावी, वर राहणारी घेऊ नये.

तिसरी विजेची. पायाच्या मुळाशी छोटी मोटर आणि आट्यांचा दांडा. आट्यांवर धक्का उलटा चढत नाही, त्यामुळे पाय आपोआप कुलूपबंद राहतो. नळ्या नाहीत, सळया नाहीत. एक तार जोडली की झाले. आज बहुतेक जण हीच घेतात आणि आम्हीही हीच घ्या म्हणू. तिचा दोष सूक्ष्म आहे. पाय टोकाला पोचला हे तिला दिसत नाही. मोटर अडली आणि वीज अधिक खेचू लागली की ‘काम झाले’ असे समजून ती थांबते. बिजागरीत माती किंवा कुसळ अडकले तरी ती तेच समजते आणि पाय अर्ध्यावर सोडून देते. त्यामुळे प्रत्येक उड्डाणापूर्वी विमान उलटे धरून ब्रशने बिजागऱ्या झाडाव्यात आणि पाय दोनदा मिटून-उघडून पाहावेत. तिला रिसीव्हरपासून वेगळी बॅटरी द्यावी हे तर सांगायलाच नको.

दुकानदार यंत्रणेवर ‘इतक्या किलोच्या विमानाला चालेल’ असा आकडा देतो. तो डांबरी पट्टीचा समजावा आणि माळासाठी एक पायरी वरची घ्यावी. मात्र यंत्रणेच्या मजबुतीपेक्षा तिची बैठक आणि पायातली लवचीकता अधिक महत्त्वाची. विमान सेकंदाला एक मीटर वेगाने खाली आले आणि पायाने ते एका सेंटिमीटरात थोपवले, तर वजनाच्या सुमारे पाचपट धक्का बसतो. पायात स्प्रिंग असून तो तीन सेंटिमीटर दबला तर धक्का दुपटीच्याही आत येतो. म्हणून ताठ पाय कितीही चकचकीत दिसो, तो घेऊ नये. वायरला एक वेटोळे दिलेला साधा पायसुद्धा त्याहून बरा.

हे सर्व ज्ञान आम्हांला नंतर झाले. त्या मुलाच्या विमानाचे पाय ताठ होते, चाके सहा सेंटिमीटरची होती, आणि बैठक तीन मिलिमीटर प्लायवूडची, दोन फासळ्यांच्या मध्ये चिकटवलेली. पहिली दोन उड्डाणे झकास झाली. चाके पोटात गेली तेव्हा गावची पोरे ओरडली, आणि आम्हीही टाळ्या वाजवल्या हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या वेळी विमान उत्तम उतरले, दहा पावले धावले, आणि डावे चाक भेगेत गेले. बारा सेंटिमीटरच्या पायाने पहारीसारखे काम केले. बैठक निघाली, तिच्यासोबत दोन फासळ्या निघाल्या, खालचे आवरण तुळईपर्यंत फाटले आणि विमान नाकावर उलटले. मुलगा काही बोलला नाही. त्याने तुकडे गोळा केले, माळावर पडलेले स्क्रूसुद्धा वेचले. सहा महिन्यांची संध्याकाळची कमाई त्या भेगेत गेली होती, आणि ‘बसव, बसव’ हे शब्द आमचे होते.

पुढच्या रविवारी आम्ही वह्या घेऊन बसलो आणि वर दिलेला हिशेब पहिल्यांदा मांडला. विमान ताशी साठ-सत्तरच्या वर जाणारच नव्हते. त्याला मिटती चाके मुळात लागतच नव्हती. मग पर्याय दोन उरले. एक, चाकेच काढून टाकावीत, विमान हाताने फेकावे आणि वाळल्या गवतावर पोटावर उतरवावे; त्यात फार तर पुढचा पंखा मोडतो. दुसरा, स्थिर पाय घालावेत, पण ते लोखंडी स्क्रूने न आवळता नायलॉनच्या दोन बोल्टांनी धरावेत. चाक अडकले की बोल्ट तुटतो आणि पंख वाचतो. मुलाने दुसरा पर्याय घेतला, आणि पाय धडाला जोडले, पंखाला नव्हे. चाके दहा सेंटिमीटरची घातली. ती थोडी गाडीच्या चाकांसारखी दिसतात खरी.

शेवटी कायद्याविषयी एक सूचना. २०२१ च्या ड्रोन नियमांत प्रतिकृती विमानांचाही विचार केलेला आहे. पंचवीस किलोच्या आतले, शिक्षणासाठी किंवा छंदासाठी, आणि डोळ्यांना दिसत राहील अशा अंतरातच उडवायचे, अशी त्यांची व्याख्या आहे. आपला माळ सरकारी नकाशात हिरव्या विभागात येतो की नाही ते आधी पाहावे. हिरव्या विभागातही चारशे फुटांची मर्यादा आहे. माळाजवळ वारीची किंवा यात्रेची गर्दी असेल त्या दिवशी विमान पेटीतून काढूच नये. नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. दिंड्यांच्या दिवसांत आम्ही त्या बाजूला फिरकत नाही.

नव्या पायांवर त्या विमानाची चाळिसावर उड्डाणे झाली. नायलॉनचे बोल्ट अकरा गेले. एकेक बोल्ट दोन-चार रुपयांचा. मिटत्या चाकांची ती जोडी त्याने विकली नाही. दुसऱ्या, मोठ्या विमानाचा आराखडा त्याने आम्हांला दाखवला आहे. त्यात पंख पस्तीस सेंटिमीटर रुंद आणि सव्वाचार सेंटिमीटर जाड आहे, बैठक सहा मिलिमीटर प्लायवूडची आणि चार फासळ्यांना धरून, पायात स्प्रिंग, आणि चाकाची खाच तुळईच्या पुढे. वडिलांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, “ह्याचा वेग किती?” मुलगा म्हणाला, “एकशेवीस.” “मग मिटू दे,” ते म्हणाले.